मागे कोणी नाही

२ ऑक्टोबर

आले एकदाची. बसमधून उतरले तर समोर समुद्र, पाठीशी डोंगर आणि मधे मी, आईची जुनी सूटकेस धरून. इतकं बरं वाटलं की रस्त्यातच हसत उभी राहिले. पस्तिशी उलटलेल्या बाईने घर बंद करून असल्या नोकरीला जावं, याला दादा चक्क खूळ म्हणतो. म्हणू दे. आई अंथरुणाला खिळली तेव्हापासून मी औषधांच्या दुकानापलीकडे गेले नव्हते. ती गेली आणि घरात आवाज करणारं कोणी उरलं असेल तर तो फ्रिज. त्याच्याशी किती बोलणार?

खोली गॅरेजच्या वर आहे. पलंग, टेबल, एक खिडकी. पलंगावर उभं राहिलं तर समुद्राची चिंधीएवढी पट्टी दिसते, नाहीतर शेजारच्या हॉटेलच्या वाळत घातलेल्या चादरी. खाली अंगणात क्वाड बाईक ओळीने उभ्या आहेत. चार जाड चाकांच्या, ठेंगण्या, चिखल लागलेल्या. मालकीणबाईंनी मला दोन फेऱ्या मारायला लावल्या आणि म्हणाल्या, फार सावकाश चालवतेस, आम्हाला अशीच बाई हवी होती. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या सावकाशपणाचं कुणी कौतुक केलं.

४ ऑक्टोबर

काम समजलं. पर्यटकांना क्वाड बाईकवरून डोंगरात फिरवून आणायचं. सगळ्यात पुढे मास्तर. ते कधीकाळी शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर, पण अजूनही सगळ्यांकडे गृहपाठ विसरल्यासारखं बघतात. त्यांच्यामागे पर्यटक. सगळ्यात शेवटी मी. कुणी मागे पडलं, घसरलं, घाबरलं, तर ते माझ्या वाट्याचं. आणि सगळ्यांची धूळही माझ्याच वाट्याची. परत आले तेव्हा आरशात गॉगलच्या जागी दोन गोरे गोल आणि बाकी मातीची मूर्ती.

किनाऱ्यावरून निघायचं, ओढा ओलांडायचा, मग जंगलातून चढण. वर एक मोठं वळण आहे, तिथून खालचा रस्ता झाडांतून दिसतो. मास्तर तिथे थांबून हात वर करतात. त्यांच्यामागचा मागे वळून हात वर करतो, मग त्याच्यामागचा. असा हात शेवटपर्यंत येतो. मी मात्र हात मागे करायचा नाही. मी मूठ वर करायची. मूठ म्हणजे मागे कोणी नाही. मूठ दिसली की मास्तर निघतात. इंजिनांच्या आवाजात आणि हेल्मेटमध्ये दुसरं काही ऐकू जात नाही, म्हणून ही पद्धत.

मास्तरांनी हे तीनदा सांगितलं. "शेवटच्याने मागे हात करायचा नाही. चुकूनसुद्धा नाही." मी म्हटलं, मागे कोणी नसताना हात करायला मला काय वेड लागलंय? ते हसले नाहीत.

११ ऑक्टोबर

लोक चांगले आहेत, पण संध्याकाळी जो तो आपापल्या घरी जातो. मालकीणबाई गेटला कुलूप लावतात आणि मला विचारतात, काही हवंय का? नाही म्हणते. काय सांगणार, की कुणीतरी थोडा वेळ बसायला हवंय? दादाचा फोन रविवारी येतो. तो हवापाण्याची चौकशी करतो आणि फोन भाचीकडे देतो. ती बोलते तेव्हा कुठे जिवात जीव येतो. तिची परीक्षा संपली की येणार आहे म्हणे, आत्या, मला सगळ्यात वेगवान गाडी ठेव.

आज एक गंमत केली. वळणावर सगळे आपापल्या माणसाकडे वळून हात करत होते. नवरा बायकोकडे, बाप लेकीकडे. माझी पाळी आली आणि वाटलं, सगळ्यांच्या मागे कोणीतरी आहे, मीच काय घोडं मारलंय? म्हणून मूठ करायच्या आधी वळले आणि रिकाम्या रस्त्याकडे बघून हात केला. या, चला. मग मूठ. कुणाला दिसलंही नाही. उगाच हलकं वाटलं.

१६ ऑक्टोबर

आता रोज करते. तिला नावही ठेवलंय, पाठराखीण. एवढी मोठी झाले तरी सासरी गेले नाही, निदान डोंगरात जाताना तरी पाठराखीण असू दे. चढणीवर तिच्याशी बोलत जाते. दुपारचा तो निळा शर्टवाला किती रडका होता, असं काही. हेल्मेटमध्ये आपलाच आवाज घुमतो, त्यामुळे कुणी हुंकार देतंय असं वाटतं.

एक लहानशी गोष्ट. माझ्यावर हल्ली धूळ कमी बसते. गाड्या तितक्याच, रस्ता तोच. पण आरशातले ते गोरे गोल दिसत नाहीत.

१९ ऑक्टोबर

आज गाड्या धुताना कोपऱ्यातल्या जादा गाडीवरची ताडपत्री काढली. ती कधी बाहेर नेत नाहीत. तिच्या पुढच्या बाजूवर, हँडलवर, दिव्यावर बोटभर धूळ. ताजी, मऊ. अशी धूळ फक्त सगळ्यात शेवटच्या गाडीवर बसते. माझी गाडी शेजारीच होती, तिच्यावर निम्मीही नव्हती.

एका बाईंनी जाताना माझे आभार मानले आणि विचारलं, तुमच्यामागची ती गाडीवाली मुलगी नवीन आहे का, वर आली तरी हेल्मेटच काढलं नाही तिने. मी हो म्हटलं. का म्हटलं?

२१ ऑक्टोबर

मास्तरांना विचारलं, ती जादा गाडी कुणाची. साखळीला तेल लावता लावता त्यांनी सांगितलं.

माझ्या आधी शेवटच्या गाडीवर एक मुलगी होती. ओढ्याजवळ तिची गाडी बंद पडली. धुकं होतं. तिच्यापुढच्या पाहुण्याने मागे न बघताच मजेत मूठ वर केली. मास्तरांनी वरून मूठ पाहिली आणि सगळ्यांना घेऊन निघाले. वरून फक्त मूठ दिसते, चेहरा नाही, जॅकेटं सगळ्यांची सारखीच. परत गेले तेव्हा ही गाडी होती, ती नव्हती. पोलिसांनी सगळा डोंगर पालथा घातला. काही नाही.

ते म्हणाले, "ती अजून थांबलीय, बाई. कुणीतरी वळून हात करील म्हणून. आणि एकदा ती मागे आली, की मूठ ती करणार. मग तुम्ही मागे राहिलात तरी मला कळायचं नाही."

मग त्यांनी विचारलं, तुम्ही हात नाही ना केलात? मी नाही म्हटलं. खरं सांगितलं असतं तर त्यांनी गाडीच काढून घेतली असती, परत त्या फ्रिजपाशी जावं लागलं असतं. आणि दुसरंही आहे, इथे तरी लिहिते. तिचा मला लळा लागला होता.

२२ ऑक्टोबर

आज हात केला नाही. नुसती मूठ. तरी मागे इंजिनाचा आवाज होता. मी थांबले की तो थांबायचा.

बोलले नाही तिच्याशी. चढणीवर हेल्मेटमध्ये हुंकार आला तरी.

२४ ऑक्टोबर

भाची आली. न कळवता, पाठीवर सॅक टाकून. मिठी मारून म्हणाली, आत्या, किती वाळलीस गं. मी रडलेच. उद्या तिला वर यायचंय. मी नको म्हटलं, पाऊस येईल म्हटलं, गाडी बिघडलीय म्हटलं. ती हसून म्हणाली, तू कधीपासून थापा मारायला लागलीस?

मास्तरांना सांगायला हवं. सगळं. पण मग पाठराखीण इथे राहील, मी घरी, आणि तिला—नाही, सकाळी सांगते. अगदी सकाळी.

२५ ऑक्टोबर, दुपार

सांगितलं नाही. मास्तर आधीच वाट तपासायला गेले होते, परत आले तोवर पाहुणे गाड्यांवर बसले होते, भाचीही. मी मास्तरांना एवढंच म्हटलं, हिला तुमच्या लगेच मागे ठेवा. ते हो म्हणाले. पण तिने ऐकलं नाही. मला आत्याच्या अगदी पुढे राहायचंय म्हणाली. लाडाने.

ओढ्यात माझी गाडी बंद पडली. पाणी गुडघाभरही नाही. हाक मारली, हॉर्न वाजवला. कुणी ऐकलं नाही. धुकं वर चढत होतं.

मग मागून ती आली. माझ्या शेजारून गेली, अगदी सावकाश, मी जाते तशी. माझं जॅकेट. माझ्यासारखीच मान किंचित वाकडी. धुळीचा कणही नाही तिच्यावर, आता सगळी माझ्यावर. थांबली नाही.

वही जॅकेटच्या खिशात होती, ओढ्याच्या काठावरून लिहिते आहे. इथून वरचं वळण दिसतं. मास्तरांनी हात वर केला. हात मागे मागे आला. भाचीने वळून हात केला. तिच्यामागे मूठ वर गेली.

मास्तरांनी पाहिली. निघाले.

नाही. मी इथे आहे. मी—

संध्याकाळ

चालत निघाले होते. वाट परत ओढ्यापाशीच येते. कुठूनही गेलं तरी. खाली किनाऱ्यावर दिवे लागले. भाची खाली पोचली असेल. तिच्यामागून ती. माझ्या खोलीत झोपेल का ती? मालकीणबाई विचारतील, काही हवंय का, ती काय म्हणेल?

भाची घरी जाऊ दे. एवढं एकच. बाकी काही नको.

तारीख—

खूप गट गेले. पुढे मास्तर. आता वाकलेत. वळणावर माझ्या दिशेने बघतात आणि मान फिरवतात. सगळ्यात शेवटी पाहुणेच असतात, तीही परत दिसली नाही. माझ्या जागी कुणी नेमलं नाही वाटतं. बरं आहे.

हाका मारते. हेल्मेटमध्ये ऐकू जात नाही.

—

शेवटच्या गाडीवर आज कोणीतरी. नवीन. ओढा ओलांडताना पाय वर घेते, लहानपणी घ्यायची तसे. तीच. माझीच पोर. आत्या कुठे गेली ते शोधायला नोकरी धरली का गं?

वाळली आहे. एकटीच बडबडते आहे.

मूठ कर, बाळा. नुसती मूठ. मास्तरांनी सांगितलं असेल ना. मी इथे बरी आहे. मला कुणी नको. मला खरंच—

वळणावर पोचली. थांबली. मूठ वर करतेय. शहाणी माझी.

नको. मागे बघू नकोस. नको गं—

किती दिवसांनी कुणी माझ्याकडे बघून हात