तीळभाताचे गोळे

पळसदरी, ३ जानेवारी १९६८
आलो एकदाचा! शाळेपासून दहा मिनिटांवर दोन खोल्या आणि मागे ऐसपैस परसबाग. घरमालक कोंडीराम दिवाळीआधी वारला, तेव्हापासून घर रिकामंच होतं. इंदू बाळंतपणाला माहेरी, पेणला आहे. सोळा तारखेला दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन येईल. तोवर मी आणि पाखरं. सकाळी मोजली: चिमण्या चौदा, साळुंक्या सहा, बुलबुल चार आणि सातभाई चक्क सात. कावळा मात्र औषधालाही नाही. बरंच झालं, मेले आयतोबा!

६ जानेवारी
थंडी मी म्हणते आहे. पाखरांना ऊब मिळावी म्हणून भातात काळे तीळ कालवले, गोळे वळले आणि दक्षिणेच्या कडेला धुण्याच्या दगडावर मांडले. शेजारच्या धोंडूबाईंनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, "अवं गुरुजी, ह्ये पिंडच की! कोंडीरामच्या पिंडाला कावळा शिवला नाय. शेवटी दर्भाचा करून शिववला. घशात गाठ व्हती त्याच्या, उपाशी गेला. त्याला कशाला जेवू घालताय तुमी?" माझे वडील ठणठणीत आहेत, पिंड कसे वळतात ते मला काय ठाऊक! हसून सोडून दिलं. एकतीसच्या एकतीस पाखरं जेवून गेली.

९ जानेवारी
तेवीस. गोळे अर्धवट खाल्लेले. चोचीचे टोचे नाहीत, दातांचे ठसे आहेत. वर चिकट लाळ. बोट लावलं तर तार निघाली. शिसारी आली. कुत्रं असेल. दोनदा साबणाने हात धुतले, तरी किडक्या दातांचा वास जात नाही.

११ जानेवारी
नऊ. दगडावर चावून थुंकलेले पिसांचे ओले बोळे, एकात साळुंकीचा पिवळा पाय. शी! राखेने दगड घासला. आजपासून भात बंद. धोंडूबाई म्हणतात, आता बंद करून उपयोग नाही, त्याला चव लागली. तुम्ही वाढलं नाहीत तर तुमच्याच तोंडाने खाईल.

१३ जानेवारी
दोन. दात घासताना दाढेतून पीस निघालं. मातकट, सातभाईचं. भडाभडा ओकलो. त्यात जे पडलं ते— नाही लिहवत. नखांत रक्त. पहाटे उठून मी कुठे होतो, काही आठवत नाही.

१४ जानेवारी
एकही नाही. गळ्यात सुपारीएवढी गाठ लागते. गिळताना कळ येते, तरी भूक— हावरी, घाणेरडी भूक. माझीच मला किळस येते. इंदूला तार केली, येऊ नकोस.

१५ जानेवारी
धोंडूबाईंची कोंबडी— तोंडात तिचं रक्त अजून ऊन आहे. त्यांच्या पाया पडलो. बाहेरून कडी घालायला लावली. माझं बाळ वाचलं पाहिजे, बस्स.

१६ जानेवारी
फाटकात इंदू. तार पोचलीच नाही— छातीशी बाळ— धोंडूबाई शेतावर— खिडकीतून ओरडायला गेलो तर नुसती लाळ गळते—
हाताने मागे जा म्हणतोय, तिला वाटतं बोलावतोय. हसते आहे. म्हणते, बघा तरी, केवढा गुटगुटीत झालाय—
इंदू, कडी काढू नको गं— काढली—
दुधाचा वास— मऊ मऊ मांड्या— देवा, तोंडाला पाणी सु