पाण्याची शेवटची पाळी

कोराबिन, १४ मार्च २००९

प्रिय लिंडसी,

तुझं पत्र पोचलं. रूथवहिनीचा गुडघा आता बरा असेल. इकडे ऊन उतरायचं नाव घेत नाही. जर्दाळू यंदा सगळे पोपटांनी खाल्ले. मी हाकललंही नाही.

प्रचाराच्या सभेत मी आणि मर्विननं दरवेळेसारखं बहीण-मेहुणे म्हणून व्यासपीठावर तुझ्याशेजारी उभं राहावं, असं लिहिलंयस. त्याचं उत्तर देते, पण आधी बातम्या.

शेजारच्या टोझरनं आपल्या वाट्याचं कालव्याचं पाणी कायमचं सरकारला विकलं, ते आता नदीतच राहणार. थेंबभरही विकू देणार नाही म्हणून तू निवडून आलास, आणि त्याच विक्रीच्या कायद्याच्या बाजूनं हात वर केलास. टोझरला मी बोल लावत नाही. दोन वर्षं शेताला चूळ भरण्यापुरतंही मिळालं नव्हतं. मग पुढच्या दोघांनी विकलं. कालव्यावर आम्ही एकटे उरलो. एका शेतासाठी कालवा चालवणं परवडत नाही, म्हणून तो बंद झाला.

शेवटच्या पाळीला मर्विन बांधावर खुर्ची टाकून बसला. मी चहा नेला, तर म्हणाला, "थांब, हे बघून घेऊ दे."

गाई त्याच महिन्यात गेल्या. ट्रकवाल्याला तो एकेकीचा स्वभाव सांगत होता. "ही लाथ मारते, पण मनानं चांगली आहे." ट्रकवाला नुसता मान हलवत राहिला. त्या कुठे चालल्यात, हे दोघांनाही ठाऊक होतं.

पाणीविक्रीवर तू गावात घेतलेल्या त्या सभेचा विषय मी काढणार नव्हते. पण तू लिहितोस, मर्विनचा राग एव्हाना निवळला असेल. तो रागावला नव्हता रे. त्यानं उभं राहून एवढंच विचारलं, "तूच सांग बाबा, आमच्यातल्या कुणी गाशा गुंडाळायचा?" आणि तू खाली बघून नदीच्या तब्येतीबद्दल वाचत राहिलास. नदी आजारी आहे हे त्याला कळत होतं. मेलेले मासे तुला त्यानंच नेऊन दाखवले होते. गाडीत बसल्यावर म्हणाला, "याच कालव्यात पोहायला शिकवलं त्याला. एकदा माझ्याकडे बघायचं तरी."

मर्विन गेला, लिंडसी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला. धार काढायच्या वेळेला सवयीनं रिकाम्या गोठ्यात जायचा, तिथेच छातीत कळ येऊन पडला. हॉस्पिटलात दोन दिवस शुद्धीवर होता. लिंडसीला बोलावू का, विचारलं. "नको," म्हणाला, "भाषण करेल." आणि हसला. मग म्हणाला, "लिंडसी आला असता तर बरं वाटलं असतं. पण खासदार येईल."

म्हणून तुला कळवलं नाही. आणि तरी पुरताना मी सारखी फाटकाकडे बघत होते. कुणीतरी सांगितलं असेल तुला, असं वाटत होतं.

आमचं पाणी मागच्या आठवड्यात मीही विकलं. मे महिन्यात लेकीकडे मेलबर्नला जातेय, कायमची.

सभेला मी येणार नाही. तू मात्र ये. मी आहे तोवर ये, आणि एकटा ये. त्याला कुठे ठेवलंय ते दाखवते. माझ्याशी काही बोलला नाहीस तरी चालेल.

यापुढे तुझ्या मतदारयादीत नसलेली,
तुझी बहीण
हेझल