आजोबांचं पाणी

रविवार, १४ तारीख, सकाळ

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून घाबरू नकोस. फोनवर आपलं बोलणं दोन मिनिटांत आटपतं. तू विचारतेस, मी ‘सगळं ठीक’ म्हणतो, की संपलं. लिहायला बसलं की तसं निसटता येत नाही, म्हणून बसलोय.

इकडे हवा कोरडी आहे. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाईंनी गॅलरीचे गज पोपटी रंगवलेत, डोळ्यांत खुपतात. तुझे आजोबा बरे आहेत. तुझ्या पाळीव सरड्याला गळ्याखाली दाढी दिसली म्हणून तू त्याला आजोबा म्हणायला लागलीस आणि नात्याने तो माझा बाप होऊन बसला. आता सेवाही बापासारखीच करवून घेतोय. रोज सकाळी ड्रॉपरमध्ये पाणी घेतो आणि त्याच्या नाकाडाच्या टोकावर एकेक थेंब सोडतो. पहिले दोन-तीन थेंब ढिम्म असतो. मग गुलाबी जीभ बाहेर येते आणि स्वारी चाटायला लागते. पाला धुतल्यावर झटकत नाही, ओलाच देतो. बुधवारी आणि रविवारी टबात कोमट पाणी, त्याच्या छातीपर्यंतच, पंधरा मिनिटं. मी शेजारी स्टुलावर. मग पुसून पेटीतल्या उबेच्या दिव्याखाली.

तू म्हणशील, बाबांना एवढं कधीपासून कळायला लागलं. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं. हो, त्याला प्राण्यांच्या डॉक्टरकडे न्यावं लागलं. ते मी तुला फोनवर सांगितलं नाही.

झालं असं. तू गेल्यावर मी दोन दिवस दुकानात गेलो. तिसऱ्या दिवशी मालकाला कळवलं, कंबर धरलीय. कंबर ठणठणीत होती. पलंगावरून उठून करायचं काय, तेच समजेना. ब्रेड खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचं. आजोबांच्या पेटीत थोडा पाला टाकायचो तेवढंच. पाण्याचं भांडं भरलेलं दिसायचं. वाटायचं, तहान लागली तर पिईल की. काचेवर तू चिकटवलेली चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. तुझं अक्षर बघायचं नव्हतं मला.

अकराव्या दिवशी दुपारी पाला टाकायला गेलो तर आदल्या दिवशीचा तसाच होता. त्याचे डोळे आत गेले होते. तीस वर्षं लोकांचे डोळे बघून चष्मे बसवतोय मी, आणि घरातले हे दोन डोळे कधी खोल गेले ते मला दिसलं नाही. कातडी सुरकुतलेली. उचललं तर हातात नुसती पिशवी. मी घाबरून चमच्याने तोंडात पाणी ओतायला बघितलं, पण तोंडच उघडेना. मग बुटांच्या खोक्यात टॉवेल घालून त्याला ठेवलं आणि होतो तसाच निघालो, घरच्या कपड्यांत.

डॉक्टरीणबाई तुझ्याच वयाच्या. त्यांनी त्याच्या कुशीची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी राहिली. मी म्हटलं, भांडं तर भरलेलं होतं.

“असेल,” त्या म्हणाल्या. “पण या सरड्यांतल्या कितीतरी जणांना समोरचं साचलेलं पाणी पाणी म्हणून कळतच नाही. कुणीतरी पाजावं लागतं.”

कातडीखाली सुईने पाणी दिलं. चमच्याचं सांगितल्यावर रागावल्या, छातीत गेलं असतं तर जागीच संपला असता म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, घरी कोण असतं. मी सांगितलं, मुलगी असते, जरा बाहेर गेलीय.

घरी आल्यावर चिठ्ठी वाचली. त्यात सगळं होतं. नाकावर थेंब, ओला पाला, आंघोळ. विष्ठेतला पांढरा भाग पिवळा-नारिंगी दिसला तर पाणी कमी पडतंय, हेही. आणि अगदी खाली, बारीक अक्षरात: ‘दोनदा दार वाजवलं. झोपला असाल.’

तू निघालीस त्या सकाळी मी झोपलो नव्हतो, भिंगरी. पलंगावर बसलो होतो, चप्पल घालून. तुला पोहोचवायलाच येणार होतो. पण आदल्या आठवड्यात तुझं नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी म्हणालो होतो, ‘आई गेली, आता तूही जा.’ एवढं बोलल्यावर खोलीचं दार उघडून तुझ्यापुढे कुठल्या तोंडाने उभा राहू? तुझ्या बॅगेची चाकं जिन्यावर प्रत्येक पायरीला आपटली, ती मी मोजली. बावीस. मग खालचं फाटक वाजलं.

आजोबांना सुधारायला नऊ दिवस लागले. पाचव्या दिवशी पहिल्यांदा त्याने थेंब चाटला तेव्हा मला रडू आलं. बघायला कुणी नव्हतं, त्यामुळे चांगलं पोटभर रडलो. गेल्या सोमवारपासून दुकानात जातोय. घर अजून फार शांत असतं. संध्याकाळी कुलूप उघडताना आत कुणी नाही हे रोज नव्याने कळतं. त्याची सवय कधी होईल, माहीत नाही.

परवा त्याला पुन्हा तपासायला नेलं. बाईंनी विचारलं, मुलगी आली का परत. या वेळी खरं सांगितलं. म्हटलं, ती परगावी असते, पूल बांधायच्या कामावर इंजिनिअर आहे. हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगताना आवाज जरा चढलाच माझा, खोकं घेऊन बसलेली दोन माणसं वळून बघायला लागली.

तू गेलीस ते बरोबर केलंस. परत ये असं मी म्हणणार नाही. तुला माझा राग आला असेल तर तो खरा आहे, मी त्यावर काही बोलणार नाही. हे सगळं त्या सकाळी दारात उभं राहून म्हणायचं होतं. तेव्हा जमलं नाही, ते आता लिहून म्हणतो.

माझं चुकलं, बाळा.

तुझा
बाबा