गप्प पोर आणि कोंबड्याची तंगडी

सिस्टर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, त्यामुळे हे वाचून तुम्ही मला झापाल ही भीती उरलेली नाही. तरी लिहिताना मी ताठ बसलोय. सवय, दुसरं काय.

आता मी शिकवतो. हसू नका. मोखाड्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे, लहान मुलं पडली, भाजली की पहिल्या काही मिनिटांत काय करायचं याचं. समोर आजूबाजूच्या आरोग्य केंद्रांतले डॉक्टर आणि नर्स. आज जेवणानंतर त्यांच्याकडून नाटक करून घेतलं. एका दांडग्या डॉक्टरला रडणारं पोर केलं आणि दुसऱ्याला गप्प पडलेलं. पहिल्याने असा गळा काढला की बाजाराला आलेल्या बायका खिडकीशी गोळा झाल्या. अख्खा वर्ग त्याच्याकडे धावला. गप्प पोर तेवढ्यात वरणभाताच्या गुंगीत खरोखरच झोपलं आणि घोरायला लागलं. मग मी ठेवणीतलं वाक्य काढलं, "रडणारं पोर निदान श्वास तरी घेतंय. गप्प पोराकडे आधी जा." सगळ्यांनी ते लिहून घेतलं. वाक्य अर्थातच तुमचं.

तो दिवस तुम्ही विसरला नसाल. मी जव्हारला नवाकोरा डॉक्टर, सगळं येतं अशा थाटात. पोशेऱ्याकडून जीप येते आणि तिच्यातून निम्मा पाडा उतरतो. दोन भाऊ जांभळीवरून पडलेत. मोठा हात धरून बोंबलतोय. धाकटा आत्याच्या पाठीला बांधलेला, डोळे मिटून. आत्या मला म्हणते, "डाक्टर, तू मोठ्याला बघ. बारक्याला काय नाय झाला, निजलाय तो." मी मोठ्याला बघतो. बांबूच्या कामट्या, कापूस, पट्टी. लग्नात मुंडावळ्यासुद्धा इतक्या नीट कोणी बांधत नसेल. शाबासकीसाठी मागे वळतो, तर तुम्ही धाकट्याला टेबलावर घेतलेलं. त्याचे पाय गार पडलेत, पोट ताठ झालंय आणि तुम्ही सलाईन लावताय. वर न बघता म्हणालात, "कान शाबूत आहेत तुमचे, डॉक्टर. डोळे कुठे ठेवलेत?"

त्याच्या पोटात आतल्या आत रक्त वाहत होतं. तुम्ही त्याला घेऊन नाशिकला गेलात, वाटभर हाका मारत. पोर वाचलं.

महिन्याभराने बाप कोंबडा घेऊन आला आणि त्याने तो माझ्या हातात दिला. डॉक्टर मीच होतो ना! मी घेतलाही. तुमच्या स्वयंपाकघरात तुम्हीच तो शिजवलात, नागलीची भाकरी थापलीत आणि तंगडी माझ्या ताटात टाकलीत. "खा. पुढची कमवून खा," म्हणालात. मला भयंकर राग आला. तंगडी मात्र मी सोडली नाही.

हा किस्सा मी प्रत्येक वर्गात सांगतो. फक्त माझ्या किश्शात धाकटा मला दिसतो. इतकी वर्षं कोणी काही विचारलं नाही. आज मागच्या बाकावरच्या एका तरुण नर्सने हात वर केला. "सर, तुम्ही बारक्याकडे गेलात, मंग मोठ्याचा हात कोणी बांधला?"

मी गडबडलो. आणि म्हणालो, "होत्या एक सिस्टर. त्या रडण्याला फसल्या."

तिने लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. "म्हंजे नर्सच्या भरवशावर पोर गेलाच असता," एवढंच म्हणाली. मी घड्याळ बघून चहाची सुट्टी जाहीर केली.

सिस्टर, मला लाज वाटते. माझी चूक तुमच्या गळ्यात बांधली, तीही मुंडावळ्यांइतकी नीट. आणि ती मुलगी एखाद्या दिवशी आपल्या केंद्रात एकटी असेल, समोर असंच गप्प पोर येईल, आणि ती डॉक्टरची वाट बघत थांबेल. उद्या सकाळी सगळ्यांसमोर तिला खरं सांगणार आहे. इथे लिहून ठेवतोय, म्हणजे तुम्हाला शब्द दिल्यासारखं होईल. पत्र काय, बॅगेतच राहील.

एक सांगायचं राहिलं. आज खाणावळीत कोंबडी होती. मालकाने "डॉक्टरसाहेब" म्हणत तंगडी वाढली. मी खाल्ली.