गाणाऱ्या बायकांची छापील यादी

मी, श्रीमती मीनल शरदचंद्र चौबळ, वय वर्षे ७१, राहणार कुळगाव, बदलापूर पूर्व, माझ्यामागे काय कोणाचे ते येथे लिहून ठेवते. माझी स्मृती शाबूत आहे, डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे आणि माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. याआधी असा कागद मी केलेला नाही.

१. राहती सदनिका व बँकेतील ठेवी मुलगी इरा व मुलगा अनीश यांना निम्म्याने. वाद झाल्यास इराचे ऐकावे. शेवटच्या आजारात वडिलांजवळ ती होती.

२. दागिने इराला.

३. माझे यजमान अंबरनाथच्या आयुध कारखान्यात अधिकारी होते. सुट्टीच्या दिवशी ते रेकॉर्डर घेऊन वांगणीकडच्या गावांत जात आणि बायकांची हळदीची गाणी, पाळणे ध्वनिमुद्रित करून आणत. त्यांत वांगणीची जनू शेलार लाडकी. जेवताना जनू, चहाला जनू, "काय आवाज आहे तिचा!" पाळणे मीही गात असे, दोन्ही मुले माझ्याच पाळण्यांवर झोपली. एकदा विचारले, "माझे कधी घेणार?" म्हणाले, "तू घरातच आहेस. तुझे केव्हाही होईल." ते झाले नाही. त्यांनी जनूला पांघरलेली शाल मी परत मागत नाही. मला कधी पांघरली नाही, एवढे नोंदवते.

४. संगणकातील हा सर्व संग्रह मी गावातल्या वाचनालयाला देते. तेथले म्हणाले, फोल्डरांत काय काय आहे त्याची छापील यादी द्या, तरच घेऊ. अनीश फोनवर म्हणाला, "आई, मी आलो की करतो." तो वडिलांवर गेला आहे. म्हणून उल्हासनगरला सोनियाच्या संगणक क्लासला मीच गेले. पहिली यादी संगणकाच्या पडद्यावर उघडणाऱ्या काळ्या खिडकीत हुकूम टाइप करून काढली, तर मराठी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे छापली गेली. जनूचे नाव असे नाहीसे झालेले पाहून मला फार बरे वाटले. मृत्युपत्रात खोटे कशाला लिहू? सोनिया म्हणाली, "आंटी, टेन्शन मत लो. सगळं सिलेक्ट करा, शिफ्ट दाबून राइट क्लिक, 'कॉपी ॲज पाथ', मग एक्सेलमध्ये पेस्ट. बस, प्रिंट मारा." सगळी नावे उमटली. सर्वांत जास्त पाने जनूची.

५. गाण्यांची नावे बरोबर आहेत का, हे तिलाच ठाऊक. यादी घेऊन मी वांगणीला गेले. जिचे नाव जन्मभर ऐकले तिला पहिल्यांदा पाहिले. माझ्याहून थकलेली.

"तुमीच का मीनलवैनी?" ती म्हणाली. "सायब दर टायमाला बोलायचे, जनू, माझी बायको किती हलू गाते, तसं गा. लय राग यायचा तुमचा."

"मला नाही कधी बोलले."

"मंग आता गा. बघू तरी."

मी गायले. तिच्या नातसुनेने मोबाइलवर मुद्रित केले. जनूने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "बरं हाय." नुसते बरे! परत येताना रिक्षात मी रडले. यजमानांवरचा राग होता, की तिने ते शब्द इतकी वर्षे ऐकले आणि मी नाही, याचा, ते सांगता येत नाही.

६. ते गाणे मी संग्रहात घातले आहे. ज हे अक्षर म-च्या आधी येते, म्हणजे येथेही जनू वर आणि मी खाली. म्हणून माझ्या फोल्डरच्या नावाआधी मी एक हा आकडा टाकला. संगणक आकड्यांना अक्षरांच्या आधी घेतो. नव्या यादीत पहिली ओळ माझी आहे. वाचनालयाने, मुलांनी किंवा आणखी कोणी तो आकडा चूक समजून काढू नये.

व्यवस्थापक म्हणून इराला नेमते.

बदलापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५
(सही) मीनल शरदचंद्र चौबळ

आमच्यासमक्ष सही केली:
१. कमळाकर गुप्ते, शेजारी
२. जनू रघू शेलार, वांगणी (सर्व वाचून दाखवले. कलम ६ ला हरकत घेतली. तरी सही केली.)