दवातला पेंढा

२१ नोव्हेंबर
जनूकाकांचं भात यंदा मशिनीने कापलं. बांधापलीकडे त्यांच्या खाचरांत पेंढा नुसता पसरून पडलाय. पेंढ्या बांधायला माणसं नाहीत. काकी सकाळी बांधावरून म्हणाल्या, "न्यायचा तर न्या गं सगळा. आमाला एका गायीपुरता ठेवलात की झालं." आपल्या चार म्हशी. गुडघ्यामुळे बाबांनी निम्मंच रान लावलं, म्हणजे घरचा पेंढा होळीपर्यंतही पुरायचा नाही. संध्याकाळी जाऊन दर ठरवला, पैसे देऊन आले. काका घेईनात. "शेजारात कसला दर?" म्हणाले. मी ओट्यावर ठेवले आणि आले. नंतर वाटलं, ठेवायची पद्धत चुकली का.

२२ नोव्हेंबर
कशेळ्याकडे एकाचा बेलर आहे, ट्रॅक्टरमागे लावायचा. पेंढा उचलतो, दाबतो, सुतळीने बांधून चौकोनी गठ्ठा मागे टाकतो. आपल्याकडे पहिल्यांदाच येणार. फोनवर म्हणाला, "अकरापर्यंत पोचतो." मी सहाला ये म्हटलं. "एवढ्या दवात कशाला, ताई? उन्हं होऊ द्या की." माणूस घाटावरचा आहे, बोलण्यावरून कळतं. त्याला सांगितलं, आमच्याकडे पेंढा दवातच बांधतात. ऊन चढलं की काडी कडक होते, मोडते, पेंढी बांधायचा बंद वळत नाही. हे मला बाबांनी शाळेत घालायच्या आधी शिकवलंय. शंभरापर्यंत आकडेसुद्धा पेंढ्यांवरच शिकले. तो हसला. "तुमचं रान, तुमचा हुकूम."
बाबांना विचारलं. बूट घालत होते, कंपनीची बस चुकेल म्हणून घाईत. "दवातच. त्यात काय विचारायचं?"

२४ नोव्हेंबर, सोम.
झालं काम. सहाला सुरू, साडेदहाला संपलं. पायातल्या चपला भिजून जड झाल्या होत्या. पहिले गठ्ठे इतके वजनदार की मला आणि आईला मिळून उचलेनात. वाटलं, गच्च दाबलेत, चांगलं आहे.
मालकाचं आधी, म्हणून पहिले पंचवीस काकांकडे पोचवले. त्यांच्या गोठ्यावरच्या माळ्यावर रचून दिले. काकी म्हणाल्या, "बघा, आमचा माळा कापडाच्या दुकानावानी दिसतोय." त्यांची चांदी खालून मान वर करून बघत होती. गाभण आहे, सातवा महिना चालू आहे तिला.
बाकीचे आपल्या पडवीत. नऊनंतरचे हलके होते. तेव्हाही लक्षात आलं नाही.

२५ नोव्हेंबर
पाठ दुखते. पडवी भरलेली बघून बरं वाटतं. बाबा आठवडाभर दुसऱ्या पाळीला आहेत, रसायनीहून येतात तोवर मी झोपलेली असते. त्यांनी येऊन बघितलं असावं, सकाळी आईला म्हणाले, "पोरीने निभावलं." मला म्हणाले नाहीत. आईकडून कळलं.

२८ नोव्हेंबर, शुक्र.
सकाळी म्हशींना घालायला खालच्या थरातला गठ्ठा ओढला. सुतळीत बोटं घातली तर आत गरम. ऊन लागून होतं तसं नाही, ताप आलेल्या माणसाच्या काखेत हात घालावा तसं. फोडला. वाफ आली. आंबट वास, आणि मधे काड्या एकमेकींना चिकटलेल्या.
आणखी चार फोडले, सगळे पहिल्या तासातले. तसेच.
बेलरवाल्याला फोन. "दवात दाबला की आत वाफ धरतो, ताई. पुढं बुरशी येते. मी बोललो होतो तुम्हाला." बोलला होता. एकदा बोलला होता, हसत. पण बोलला होता.
आई आणि मी दिवसभर फोडून अंगणात पसरत होतो. नऊनंतरचे चांगले आहेत.
काकांकडचे सगळे पहिल्या तासातले.
गेले नाही. दुपारी निघाले होते, बांधापर्यंत गेले. काय सांगायचं? बाबांनी शिकवलेलं चुकलं? काका शेतातली प्रत्येक गोष्ट बाबांना विचारून करतात. बाबांना आधी सांगावं, मग त्यांना, असं ठरवून परत आले. हे कारण लिहिताना खरं वाटतंय.

२९ नोव्हेंबर, शनि.
आजही नाही. सकाळी बाबा झोपलेले, उठवलं नाही. दुपारी काकी ताक न्यायला आल्या. अंगणभर पेंढा बघून म्हणाल्या, "वाळवताय व्हय? हौस हाय बाय तुमाला." मी "हो" म्हटलं. आई माझ्याकडे बघत होती.
"चांदी खाते का?" विचारलं.
"खाते की. सकाळीच नवा फोडला."
ताक त्यांच्या हातात दिलं. तांब्या पुसून दिला.

३० नोव्हेंबर, रवि.
बाबांना सांगितलं. त्यांनी एक गठ्ठा फोडून मूठभर नाकाशी धरला, बराच वेळ. मग म्हणाले, "हाताच्या पेंढीत वारा खेळतो. ह्याच्यात खेळायला जागाच नाय." मूठ खाली टाकली. "जनूला मी सांगतो. मीच बोललो ना दवात." मी म्हटलं, बेलरवाल्याने मला सांगितलं होतं, तुम्हाला नाही. मी जाते.
गेले. काकांनी शिडी लावून एकेक खाली टाकला, मी कोयत्याने सुतळी कापून फोडत गेले. अकरा बुरशीने पांढरे निघाले. तीन आधीच चांदीच्या पोटात.
काकी म्हणाल्या, "मला वास आला होता गं. म्हटलं, मशिनीचा असंल. नव्या गोष्टीला नवा वास."
काका शिडीवरून उतरले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं, कळल्याबरोबर धावत आलीस. दुसरा कोण आला असता?"
मी कोयता धुऊन ठेवला आणि घरी आले.

१ डिसेंबर
चांदीने वैरण सोडली. पाणी पिते.

२ डिसेंबर
गुरांचा डॉक्टर आला. मी दावं धरून होते. पोट बघितलं, इंजेक्शन दिलं. गाभण गाईला बुरशी वाईट, कधी कधी गर्भ टाकते, म्हणाला. विचारलं, "कधी ध्यानात आलं?" मी तोंड उघडलं तेवढ्यात काका म्हणाले, "परवा. ह्या पोरीला कळलं नि ही तशीच आली." डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाला, "चांगलं केलंस. अजून दोन दिवस गेले असते तर अवघड होतं."
दोन दिवस. त्याने सहज म्हटलं.
शुक्रवारी सांगितलं असतं तर तीनऐवजी एक पोटात गेला असता. नक्की एकच का? काकींना विचारलं असतं तर कळलं असतं. विचारलं नाही.

३ डिसेंबर
चांदीने थोडं हिरवं खाल्लं. आपला नऊनंतरचा पेंढा त्यांच्याकडे नेऊन टाकला, दोन खेपा. काकी आईला म्हणाल्या, "पोरीला घरातनंच वळण हाय. शाळा काय, सगळेच शिकतात." आई "हं" म्हणाली. आईला माहीत आहे. रात्री जेवताना तिने विषय काढला नाही, तेच जास्त लागलं.
बाबा आज काकांकडे जाऊन बसले. परत आल्यावर एवढंच, "तो मला एका शब्दाने बोलला नाय." त्यांना तो बोलायला हवा होता.

५ डिसेंबर, शुक्र.
वासरू आत जिवंत आहे की नाही, हे अजून आठवडाभर तरी सांगता येणार नाही म्हणे. हालचाल दिसली तर बरं.
सकाळी गेले. गोठ्यात काका एकटेच, चांदीच्या उजव्या कुशीवर तळहात दाबून उभे. मला बघून दुसऱ्या हाताने खूण केली, बोलू नको. मी शेजारी जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा हात धरून आपल्या हाताजवळ ठेवला. कातडी गरम होती, खाली श्वास लागत होता, दुसरं काही नाही.
बराच वेळ गेला. मी म्हटलं, "काका, मला शुक्रवारीच कळलं होतं. मी रविवारी आले."
त्यांनी हात काढला नाही. माझ्याकडे बघितलंही नाही.
"काकी ताकाला आल्या तेव्हा ठाऊक होतं मला."
चांदीने शेपटी मारली. बाहेर काकी कोंबड्यांना हाकत होत्या.
"काका."
"गप," ते म्हणाले. आवाज हळू होता. रागाचा की कसला, कळलं नाही. "आता हललं काय, बघ."
माझ्या हाताला काही लागलं नव्हतं. तसं सांगितलं.
"हात काढू नको," म्हणाले.