फ्लायव्हील्सना एकोणीस नारळ

आकुर्डी,
१६ मार्च १९८१

निघोजे मुक्कामी रा. रा. सोपानराव यांस अर्जुनाचा आकुर्डीहून नमस्कार.

तुमचा गुडघा आता जिना चढू देतो ना? वहिनींचा खोकला? आमच्याकडे सर्व क्षेम आहे, असे लिहवत नाही. आज सलग चौथ्या दिवशी माझ्या डब्यात ओल्या खोबऱ्याची चटणी निघाली. काल तर भेंडीत खोबरे होते. मनुष्याने सोसावे तरी किती? (आपण कांद्यावर वाढलेली माणसे.) जाब विचारला, तर तुमची बहीण म्हणते, "एकोणीस नारळ घरात कुणी आणले? मी?"

मी आणले. आमच्या कारखान्यातल्या टूल रूममधल्या चौघांचा 'फ्लायव्हील्स' नावाचा बँड आहे. (लग्नातला नव्हे. विजेच्या गिटारी, इंग्रजी गाणी, आणि ऐकणाऱ्याच्या बरगड्यांत ढोल.) सात वर्षे ते कँटीनमध्ये वाजवत आले. त्यांतला मुख्य ज्योतीराम येत्या शनिवारी नोकरीसाठी मस्कतला निघाला. तो गेला की बँड संपला. म्हणून गेल्या गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, मंगल कार्यालयात शेवटचा कार्यक्रम ठरला. वेळ दहा ते एक. एकला लग्नाचे वऱ्हाड ताबा घेणार. व्यवस्था अर्थातच माझ्याकडे. ज्योतीरामने एकच मागणे मागितले: स्वतः रचलेले एक गाणे त्याने अजून कुणाला ऐकवले नव्हते, तेवढे शेवटी झाले पाहिजे. मी शब्द दिला, आणि तिथेच फसलो.

कारण निरोप म्हटला की आपण समोरच्याला सेवानिवृत्त करूनच सोडतो. मीही सवयीने पत्रिकेत लिहून बसलो, आधी सत्कार, मग गाणी. स्टोअर्सने शाल-नारळ आणल्याचे कळताच पेंट शॉपने आणला. पेंट शॉपने आणल्यावर फाउंड्री काय मान खाली घालून बसणार? मार्चच्या उकाड्यात चौघे जण शालींच्या ढिगात, गळ्यात हार, हाराखाली गिटार, असे घाम पुसत बसलेले. ज्योतीराम घड्याळाकडे बघायचा आणि मग माझ्याकडे. मी छताकडे.

त्यानंतर 'चाहत्यांची मनोगते, दहा मिनिटे'. चाहते निघाले एकतीस. कँटीनचा धोंडीबा म्हणाला, "ह्यांच्या गाण्यातलं मला एक अक्षर कळंना. पर ही वाजवाया लागली की चहा गार हाय म्हनून कोन बी बोंबलत न्हाई." टाळ्या. पॅकिंगच्या भिमाबाई माईक धरून आधी नुसत्याच रडल्या. (मी त्यांना घड्याळ दाखवणार होतो. हात वर गेला नाही.) मग म्हणाल्या, "सराव माझ्या भिंतीला लागून चालायचा. मालक गेल्यापास्नं माझ्या घरात आवाज म्हंजे ह्यांचाच. आता मी भांडू कुनाशी?" ड्रमवाला शालीत तोंड घालून बसला. त्यापुढे बोलायला आलेल्या प्रत्येकाला तेवढेच रडवायचे होते, आणि त्याला वेळ लागतो.

पावणेएकला मनोगते संपली. ज्योतीराम कानाशी येऊन म्हणाला, "काका, आता एकच. नवं." एकला वऱ्हाडाची पातेली आत आली. गाणे झाले नाही. एकही नाही. नारळ मस्कतला जाऊ शकत नाहीत, म्हणून ते माझ्याकडे.

वडिलांना दंडवत.

आपला,
अर्जुन

ता. क. तुमची वखार सध्या रिकामी असेल. उन्हाळी कांदा यायला अवकाश आहे. विहिरीवरच्या मोटारीची विजेची लाइन आहेच. येत्या गुरुवारी दुपारी दोन तास द्याल का? चाळीस माणसे येतील, बसायला पोती चालतील. शाल नाही, नारळ नाही, भाषण नाही. शुक्रवारी रात्री ज्योतीराम मुंबईची गाडी धरतो, त्यामुळे नकार मला परवडणारा नाही.

ता. क. २. पावणेएक ते एक काय झाले, हे तुम्ही विचारणारच. आभारप्रदर्शन झाले. माझे. दोन मिनिटेच बोलणार होतो. पण एखादे नाव राहिले तर माणूस जन्मभर धरून बसतो, या धास्तीने एकेक आठवत गेलो. मांडववाल्याच्या मेव्हण्याचेही आभार मानले. चौघांची नावे मात्र राहिली.

ता. क. ३. तुमच्या लग्नात, अडुसष्ट साली, तुमची मिरवणूक वेशीपाशी ऐन रंगात असताना मुहूर्त हुकेल म्हणून वाजंत्री मीच थांबवली. मुहूर्ताला तेव्हा पाऊण तास होता. तुम्ही घोड्यावरून नुसते पाहिलेत, आणि आजतागायत काही बोलला नाहीत. चुकले माझे, सोपानराव. वखार द्या अगर देऊ नका, हे लिहायचेच होते.